वचन कोण बोलतंय, ते आधी बघा

दुकानाच्या उद्घाटनाची पत्रिका असो, नव्या घराची पाटी असो किंवा गॅरेजच्या भिंतीवरचं कॅलेंडर, वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत बायबलमधलं एक वचन हमखास भेटतं: ईयोब ८:७, म्हणजे ईयोबाच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायाचा सातवा श्लोक. तुझा आरंभ अल्प असला तरी शेवटी तुझी भरभराट होईल, असा त्याचा आशय. धंदा सुरू करणाऱ्याला दुसरं काय हवं? आता त्याच पानावर बोट तीन ओळी वर न्या. ईयोब ८:४ मध्ये हाच वक्ता ईयोबाला सांगतोय की तुझ्या मुलांनी पाप केलं, म्हणून देवाने त्यांना त्याचं फळ दिलं. ईयोबाची दहाच्या दहा मुलं घर कोसळून मेलेली आहेत आणि तो अंगभर गळवं घेऊन राखेत बसलाय. बोलणारा आहे बिल्दद शूही, समाचाराला आलेल्या तीन मित्रांपैकी एक. पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देव या तिघांवर संतापतो: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत.

म्हणजे आपण पाटीवर जे कोरलं, ते देवाने ज्याचं बोलणं नापास केलं त्या माणसाचं वाक्य.

पण इथेच थांबून पाटी उखडायला धावू नका, कारण पुढचे पाच श्लोक वाचले की प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. ४२:१२ म्हणतं की परमेश्वराने ईयोबाला पहिल्यापेक्षा शेवटी अधिक आशीर्वाद दिला. बिल्ददचं भाकीत खरं ठरलं! चुकलं ते त्याचं गणित. ८:५-६ मध्ये तो अट घालतो: तू शुद्ध आणि सरळ असलास तर देव तुला पुन्हा वर काढील. म्हणजे ज्याचं वाईट झालं तो आतून कुठेतरी वाकडा असणारच, हा त्याचा हिशेब, आणि अख्खं पुस्तक त्या हिशेबाविरुद्ध उभं आहे. तेव्हा हे वचन पाटीवर लावलं तर त्याच्या मागे लपलेली अटही घरात येते. उद्या धंदा बुडाला तर शेजारीपाजारी त्याच हिशेबाने बोलणार. घराच्या पाटीला शब्द हवेच असतील तर स्तोत्र १२७:१ आहे: परमेश्वर घर बांधत नाही तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ. ते जिथून उचललंय तिथेही घर, नगर आणि पोटापाण्याचीच गोष्ट चालू आहे.

तर पहिलं काम, बोलणारा शोधणं. बायबलमध्ये सैतान बोलतो, फारो बोलतो, लाबान बोलतो, खोटे संदेष्टे बोलतात. छापलेलं आहे म्हणून प्रत्येक वाक्य देवाच्या तोंडचं होत नाही. करायचं एवढंच: वचनावर बोट ठेवा आणि ‘म्हणाला’ हा शब्द सापडेपर्यंत वर सरकत जा. ईयोबात हे नाव बहुतेक वेळा अध्यायाच्या पहिल्या ओळीत असतं: चौथ्यात अलीफज, आठव्यात बिल्दद, अकराव्यात सोफर. पण पाचव्या अध्यायात नावच नाही, कारण अलीफजाचं भाषण चौथ्यातून तसंच पुढे आलंय. जो फक्त पाचवा अध्याय उघडतो त्याला ते देवाचं बोलणं वाटतं. आणि मित्रांचं सगळंच टाकाऊ, असंही नाही बरं का. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १ करिंथ ३:१९ मध्ये, याच पाचव्या अध्यायातलं अलीफजाचं एक वाक्य शास्त्रलेख म्हणून देतो. तेव्हा बोलणारा कळला म्हणजे निकाल लागला असं नाही, पण तो कळल्याशिवाय निकाल द्यायचाच नाही.

बोटीवर किंवा आखातात निघालेल्या माणसाच्या निरोपाच्या कार्डावर उत्पत्ती ३१:४९ दिसतं: आपण एकमेकांच्या दृष्टिआड असताना परमेश्वर आपल्या दोघांवर नजर ठेवो. वाचायला फार गोड. प्रत्यक्षात सासरा लाबान आणि जावई याकोब वीस वर्षं एकमेकांना फसवून झाल्यावर दगडांची रास घालतायत, आणि ५२ व्या श्लोकात ठरतंय की ही रास ओलांडून कुणी कुणाचं वाईट करायला जायचं नाही. निरोप कसला, हद्दीचा दगड आहे तो. लग्नात वाचलं जाणारं रूथ १:१६, ‘तू जाशील तिकडे मी येईन’, हे सुनेने सासूला म्हटलेलं आहे. लग्नात वाचायला हरकत काहीच नाही. फक्त वाचताना नवरदेवाकडे न बघता सासूबाईंकडे बघावं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ‘३:१६’, ‘४:१३’ असे पत्ते आपल्या जिभेवर इतके बसलेत की ते मुळातच होते असं वाटतं. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे इंग्रज धर्माचार्य स्टीफन लँग्टन यांच्या नावावर आहे. नव्या करारातले श्लोकांचे आकडे पॅरिसचा छापखानेवाला रॉबेअर एतिएन याने १५५१ च्या ग्रीक आवृत्तीत घातले. हिब्रू शास्त्रात वाक्याच्या शेवटाच्या खुणा त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या, पण पौलाचं पत्र ज्यांच्या हातात पडलं त्यांना त्यात एकही आकडा दिसला नव्हता. आकडे जागा सापडावी म्हणून आहेत. विचार कुठे संपतो ते त्यांना ठाऊक नसतं. यशयातलं दुःखी सेवकाचं गीत ५२:१३ ला सुरू होतं, आणि आपण ५३:१ पासून वाचून त्याचं तोंडच कापतो. १ करिंथ ११:१, ‘माझे अनुकरण करा’, हे खरं तर दहाव्या अध्यायाचं शेवटचं वाक्य. दुसऱ्याच्या सद्सद्विवेकासाठी आपला हक्क सोडण्याचा मुद्दा तिथे पुरा होतो. मार्क ९:१ सुद्धा ८:३८ ला जोडूनच वाचावं लागतं. अध्यायांमध्ये मधूनमधून येणारी ठळक शीर्षकं तर प्रकाशकांनी घातलेली असतात. अभ्यासाला बसताना ती कागदाच्या पट्टीने झाकावीत, म्हणजे परिच्छेद कुठे तुटतो ते आपलं आपण ठरवता येतं.

अलिबाग-रेवदंड्याच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्रायल मंडळींची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, जी परंपरा आहे, तिच्याकडे या बाबतीत जरा बघावं. तोराचे म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचे ५४ भाग पाडलेत. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, ठरलेला भाग सलग वाचायचा, एका वर्षात पाचही पुस्तकं संपवायची आणि लगेच उत्पत्तीपासून पुन्हा सुरू. कंटाळवाण्या वंशावळी, कुष्ठाचे नियम, निवासमंडपाची मापं, काही सुटत नाही. आवडीचं वचन निवडायला जागाच ठेवलेली नाही.

आता जोडशब्द. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’, ‘तर मग’ यांपैकी काही वचनाच्या तोंडाशी असेल तर ते वचन मागच्या वाक्याला टांगलेलं आहे. कॅलेंडर छापणारे नेमका तोच शब्द गाळतात. फिलिप्पै ४:१३ च्या तोंडाशी असा शब्द नाही, तरी ते ११ आणि १२ शिवाय उभं राहत नाही. ‘जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्वकाही करू शकतो.’ हे क्रिकेटच्या टीशर्टवर येतं, दहावीच्या हॉल तिकिटाबरोबर पाकिटात जातं. त्या ‘सर्वकाही’मध्ये काय काय आहे ते पौलाने वरच्याच ओळीत मोजून दिलंय: तृप्त असणं आणि भुकेलेलं असणं, विपुलतेत राहणं आणि टंचाईत राहणं. तो कैदेत आहे (१:१३), फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीबद्दल आभार मानतोय आणि त्याच वेळी सांगतोय की मदत आली नसती तरी निभावलं असतं. मॅच हरलेल्या पोराच्याच कामाचं वचन आहे हे. पण टीशर्ट छापतात जिंकायला निघालेल्यासाठी.

अख्ख्या पत्रात १०४ श्लोक आहेत. मोठ्याने, न घाई करता वाचलं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. पत्र हे पत्रासारखं एका बैठकीत वाचावं. आलेल्या पत्रातली मधलीच एक ओळ कुणी आठवडाभर पुरवून वाचतं का?

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी दोन उतारे तरी मुळापासून वाचावेत, कारण ते आपल्या होड्यांच्या नाळीवर, केबिनवर रंगवलेले असतात आणि होड्यांना आशीर्वाद देताना ऐकू येतात. पहिला स्तोत्र १०७:२९: त्याने वादळ शांत केलं, लाटा निवाल्या. एवढंच वाचलं तर वाटतं की देवाने वादळाविरुद्ध विमाच उतरवून दिलाय. स्तोत्र १०७ ची बांधणी पाहा. चार टोळ्या आहेत: रानात वाट चुकलेले (४-९), अंधारकोठडीतले कैदी (१०-१६), दुखण्याने अन्नावरची वासना उडालेले (१७-२२) आणि समुद्रावर पोट भरणारे (२३-३२). चौघांनाही एकच ध्रुपद आहे: संकटात त्यांनी परमेश्वराचा धावा केला, त्याने सोडवलं, आता त्यांनी त्याचे आभार मानावेत. म्हणजे हे बंदरात परत आलेल्यांचं आभाराचं गाणं आहे. जे सुटून आले त्यांनी सांगावं, असं दुसऱ्याच श्लोकात म्हटलंय. समुद्रावर निघताना हातात द्यायची हमी त्यात कुठेच नाही, आणि म्हणून ज्या घरातला माणूस परत आला नाही त्या घरासमोर ‘श्रद्धा कमी पडली’ म्हणायचा आधार या स्तोत्रातून कुणालाही काढता येत नाही.

शिवाय २७ वा श्लोक. खलाशी मद्यप्यांसारखे झोकांड्या खातात, त्यांची अक्कल गुंग होते. ज्याने ऐन पावसाळ्याच्या तोंडावर खाडीचं मुख ओलांडलंय त्याला हा श्लोक समजावून सांगावा लागत नाही. कॅथलिक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हे स्तोत्र वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या ‘ब’ वर्षी, सामान्य काळातल्या १२ व्या रविवारी येतं, मार्क ४:३५-४१ मधल्या वादळाबरोबर. २०२४ मध्ये तो रविवार २३ जूनला आला, म्हणजे मासेमारीबंदीत, होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असताना. त्या दिवशीचा संदर्भ नीट बघा: २३-२४, २५-२६, २८-२९, ३०-३१. सत्ताविसावा गाळलाय. वाचनाच्या पत्त्यात स्वल्पविराम दिसला आणि मधला आकडा नसला की घरी जाऊन तोच आधी वाचायचा, ही सवय लावून घ्यावी. बहुतेकदा लांबीसाठी गाळलेला असतो, कधी ऐकायला जड जाईल म्हणून. स्तोत्र १३७ मिस्सेत १ ते ६ एवढंच येतं. सात ते नऊ वाचलं की का ते कळेल.

दुसरा उतारा प्रेषितांची कृत्ये २७. इथे वचन उचललं जातं ते २४-२५: भिऊ नको, तुझ्याबरोबरचे सगळे देवाने तुला दिले आहेत, म्हणून धीर धरा. आता हा अध्याय कोकणातल्या माणसाने कोकणच्या डोळ्याने वाचावा, दुसऱ्या कुणाला तो इतका पटकन समजणार नाही. नवव्या श्लोकात यहुद्यांचा उपासाचा दिवस होऊन गेलाय, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. भूमध्य समुद्रात तेव्हापासून हवा बेभरवशाची आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत वाहतूक जवळपास बंद. आपल्याकडे जून-जुलैत समुद्र बंद, तसंच. कैदी म्हणून रोमला नेला जाणारा पौल सांगतो, निघू नका. त्याला नेणारा शताधिपती, म्हणजे रोमी लष्करी अधिकारी, ऐकतो कुणाचं? तांडेलाचं आणि नाखव्याचं. गव्हाने भरलेलं आलेक्सांद्रियाचं जहाज आहे, माल वेळेत पोचवायचाय. नाखव्याचं म्हणणं काय असणार ते सांगायला नको.

मग ईशान्येचा वारा सुटतो. जहाजाला खालून दोरखंडांनी आवळतात, सामान फेकतात. चौदाव्या रात्री बुडीद, म्हणजे खोली मोजायची वजनाची दोरी, टाकतात: आधी वीस वाव, थोडं पुढे पंधरा वाव. किनारा जवळ येतोय आणि काळोखात खडकावर आपटायची भीती, म्हणून जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर सोडतात. खलाशी नांगर टाकायचं नाटक करून छोट्या होडीतून पळायच्या बेतात असतात. तेव्हा पौल ३१ व्या श्लोकात म्हणतो: हे जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. वचन मिळालंय, तरी खलाशी लागतातच! आणि २२ व्या श्लोकातच सांगून झालंय की जीव वाचतील, जहाज जाईल. तसंच होतं. २७६ माणसं कुणी पोहत, कुणी फळ्यांवर माल्टा बेटाला लागतात. जहाजाचे तुकडे होतात.

आता २४ वं वचन केबिनवर रंगवायचं तर त्याबरोबर हवामानखात्याचा इशारा पाळणं आणि माणसं आधी, लोखंड-लाकूड नंतर, हेही येतं. ते पौलाला, त्या एका जहाजाबद्दल, त्या एका रात्री सांगितलेलं आहे. आपल्यासाठी त्यात काही नाही असं नाही, पण आपल्या होडीचं नाव त्यात घालता येत नाही.

यिर्मया २९:११ बद्दल खूप लोकांनी लिहिलंय, म्हणून थोडक्यात. ‘माझे संकल्प हिताचे, अनिष्टाचे नाहीत, भावी सुस्थितीची आशा देणारे.’ आधीचा श्लोक वाचा: परत यायला सत्तर वर्षं. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलला नेलेल्या लोकांना यरुशलेमहून पाठवलेलं हे पत्र आहे. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना अर्थातच हनन्या आवडतो. यिर्मया लिहितो: घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं लावा, ज्या शहरात आहात त्याचं भलं मागा. पत्र ऐकणाऱ्या चाळिशीच्या माणसाला कळलं असणार की ‘भावी’ म्हणजे आपल्या नातवंडांचं. रिझल्टच्या आदल्या रात्री पोराला हे वचन पाठवलं जातं तेव्हा पाठवणाऱ्याच्या मनात बहुधा हनन्याची दोन वर्षं असतात.

प्रकटीकरण ३:१५-१६ मधलं ‘तू थंड ना उष्ण, कोमट’ याचा अर्थ उत्साही आणि निरुत्साही असा लावून उपदेश होतात. मग ख्रिस्त ‘तू थंड तरी असतास तर बरं’ का म्हणतो, याचं उत्तर मिळत नाही. इथे भूगोल लागतो. हे शब्द ज्या मंडळीसाठी आहेत त्या लावदिकीया नगरापासून दहाएक किलोमीटरवर हेरापलीचे गरम झरे, दुसऱ्या बाजूला कलस्सैचं गार पाणी. लावदिकीयाचं स्वतःचं पाणी नळांतून लांबून यायचं. चुन्याचे थर साचलेले ते दगडी नळ आजही दिसतात. उन्हवऱ्याच्या किंवा तुरळच्या कुंडाचं गरम पाणी सांध्यांना चालतं, विहिरीचं गार पाणी तहानेला चालतं. मधलं कोमट, क्षारट पाणी दोन्ही कामाचं नाही. थंड आणि गरम, दोन्ही चांगलेच. असं वाचणाऱ्याला ख्रिस्त कुणाला थंड का व्हायला सांगेल हा पेच पडत नाही.

घरसभेत किंवा वाडीतल्या प्रार्थना गटात हे करायचं तर तासाभरात एकच उतारा घ्यावा. पहिली पंधरा मिनिटं फक्त मोठ्याने वाचन, दोनदा, दोन वेगळ्या वाचकांकडून, आणि शक्यतो दोन वेगळ्या भाषांतरांतून: बायबल सोसायटीचं एक, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल दुसरं. मग वीसएक मिनिटं तीनच प्रश्न: कोण बोलतंय, कुणाला, आणि लगेच आधी काय घडलं. ‘मला यातून काय मिळालं’ हा प्रश्न या वेळेत कुणालाही विचारू द्यायचा नाही. तो आधी आला की बाकीचे तिन्ही मरतात, कारण पहिला माणूस आपल्या घरची अडचण सांगतो आणि उरलेला तास तिच्यातच जातो. शेवटी विचारावा, त्याला भरपूर वेळ ठेवावा. नव्या करारात जुन्यातलं वाक्य आलं असेल तर तळटीप बघून मूळ जागा काढावी आणि तिथला पुढचा श्लोकही वाचावा. मत्तय ४:६ मध्ये सैतान स्तोत्र ९१ मधले ११ आणि १२ म्हणून दाखवतो आणि सापाला तुडवण्याचा १३ वा येण्याआधी थांबतो. संदर्भ तोडून वचन म्हणणाऱ्यांत पहिला मान त्याचा.

बिघडतं ते दोन तऱ्हांनी. एक तर ‘संदर्भ’ म्हणून आधीचा एक, नंतरचा एक श्लोक वाचून समाधान मानतात. ईयोबात त्याने काहीच कळत नाही, ४२ वा अध्याय माहीत असावाच लागतो. दुसरी तऱ्हा जास्त वाईट: गटातला एखादा शिकलेला माणूस प्रत्येक वचनाला ‘ते त्या काळच्या लोकांसाठी होतं’ म्हणून निकालात काढतो. मत्तय ७:१, ‘दोष काढू नका’, त्याला नको असतं तेव्हा तो संदर्भ काढतो. काढू दे, पण मग पाचवा श्लोकही वाचायला लावा: आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल. तिथे कुसळ काढायला मनाई नाही, पण क्रम ठरलेला आहे, आणि तो आजही तसाच लागू आहे.

स्तोत्रांच्या आकड्यांनी एक घोळ होतो, तो आधीच सांगून ठेवावा. जुन्या लॅटिन परंपरेच्या प्रार्थनापुस्तकांत बऱ्याच स्तोत्रांचा आकडा एकाने कमी असतो. तिथलं १०६ ते इथलं १०७. गटात कुणाकडे आजीचं पुस्तक असेल तर वाचन सुरू व्हायच्या आधी पहिली ओळ जुळवून घ्या.